सोनोग्राफीच्या खोलीतली उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे, आणि माझ्यावर आजवर एकच माणूस झोपला आहे. उशीच्या जातीने ही गोष्ट चारचौघांत सांगू नये, पण मी सांगते.

तुम्ही म्हणाल, मग इतकी वर्षं केलंस तरी काय? लोक माझ्यावर आडवे झाले, छताकडे बघत पडून राहिले, घरची कुलपं आठवत राहिले. झोपलं मात्र कुणी नाही. कारण मी घरातली उशी नाही. मी एका दवाखान्यात, मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी होते त्या खोलीतली उशी आहे.

माझा जन्म एका गादीकारखान्यात झाला. कापूस पिंजताना हवेत उडतो, आणि तेवढा वेळ प्रत्येक उशी ढग असते. ते दिवस आम्ही कुणीच विसरत नाही. मग एक बाई येते, ढगाला मुठीमुठीने धरून खोळीत कोंबते, तोंड शिवते आणि पाठीवर एक थाप मारते. ढगाची उशी होते ती अशी. मला शिवणारी बाई कामाच्या वेळी स्वतःशीच बोलत असे. ती म्हणायची, "चांगल्या उशीला माणसाची स्वप्नं ऐकू येतात. नुसतं डोकं काय, वीटही उचलते."

हे ऐकून आम्ही सगळ्या हुरळून गेलो. आमच्या रांगेतली एक उशी नव्या जोडप्याच्या पलंगावर गेली. दुसरी एका वसतिगृहात गेली आणि पहिल्याच आठवड्यात मारामारीत फुटली. तिला आम्ही हुतात्मा मानतो. मी इथे आले.

इथे मला उचलून आणलं मामांनी. मामा म्हणजे या खोलीतले मदतनीस. ते कुणाचे मामा आहेत हे कुणालाच ठाऊक नाही, पण सगळा दवाखाना त्यांचा भाचा आहे. त्यांनी मला हिरव्या रेक्झिनच्या खोळीत घातलं. बाराही महिने रेनकोट घालून बसल्यासारखं वाटायचं. मामा म्हणाले, "या खोलीत सगळं पुसता आलं पाहिजे बघ." आणि त्यांनी मला पुसलं.

माझं काम सोपं होतं. माणूस उताणा पडला की मी त्याच्या खांद्यांखाली जायचं, म्हणजे डोकं जरा मागे कलतं आणि गळा मोकळा होतो. मान माझ्या कडेवर टेकते. गळ्यातली साखळी, मफलर, कडक कॉलर आधीच उतरवलेली असते. दिवा मंद करतात. डॉक्टरबाई मानेवर थोडं जेल लावतात. ते गार असतं, त्यामुळे शहाणीसुरती माणसंही "आई गं" म्हणतात. मग साबणाच्या वडीएवढं एक यंत्र, त्याला प्रोब म्हणतात, ते गळ्याखालच्या आडव्या हाडापासून जबड्याच्या खालपर्यंत हळूहळू फिरतं. आधी एक बाजू, मग दुसरी. सुई नाही, कापणं नाही, दुखणंही नाही. अर्धा तास धरा फार तर. उपाशी यावं लागत नाही, तरी निम्मे लोक उपाशीच येतात आणि वर तक्रार करतात.

आणि मग तो आवाज येतो, मित्रांनो. मानेच्या दोन्ही बाजूंनी एकेक मोठी रक्तवाहिनी मेंदूकडे जाते. तिच्यातलं रक्त यंत्रातून बोलायला लागतं. श्शूं, श्शूं, श्शूं. जणू कुणी आत बसून समुद्राला झोका देतंय. पडद्यावर लाल आणि निळे ढग धावतात. लाल चांगला आणि निळा वाईट असं काही नसतं. रक्त कुठल्या दिशेला चाललंय एवढंच ते रंग सांगतात. मी जन्माने ढगच, तेव्हा ते बघून मला माहेरची आठवण येई.

स्वप्नं माझ्या वाट्याला आली नाहीत, पण नाड्या आल्या. मी चेहऱ्यावरून कुणाला ओळखत नाही. मानेतून खाली झिरपणाऱ्या ठोक्यावरून ओळखते. शिक्षिकेची नाडी तास संपल्याच्या घंटेसारखी असते. टॅक्सीवाल्याची नाडी सिग्नलला थांबते की काय असं वाटतं. डॉक्टरबाई मला थोपटून म्हणायच्या, "ही उशी बरोबर कोनात बसते हो." यापेक्षा मोठं कौतुक आमच्या जातीत नाही.

मग पाचर आली, म्हणजे पाचरीच्या आकाराची नवी उशी. निळी, फोमची, तिरकी, महागडी. कोनासाठीच जन्माला आलेली. मला कपाटावर टाकलं. नंतर दाराला अडण म्हणून ठेवलं. पुढे मामा जेवताना मला पाठीशी घ्यायचे. माझ्यात गाठी झाल्या. पाचर दिवसभर नाड्या ऐकायची, आणि मला खात्री आहे, तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

एका सकाळी पाचर शेजारच्या खोलीत कुणीतरी उसनी नेली. दवाखान्यात उसनी गेलेली वस्तू म्हणजे सासरी गेलेली मुलगी. यायची तेव्हा येईल. मामांनी मला झटकलं, पुसलं आणि पलंगावर ठेवलं. आणि त्याच सकाळी सलूनवाले काका आले.

काका आले म्हणण्यापेक्षा काकूंनी त्यांना आणलं. काकू पुढे, काका मागे, आणि काकांच्या खांद्यावर गिऱ्हाइकाचा पांढरा टॉवेल तसाच.

"काही झालेलं नाही मला," काका दारातूनच म्हणाले. "घरच्या डॉक्टरांनी मानेला नळी लावली, आत कसला तरी आवाज ऐकला, आणि हिने ऐकलं की डॉक्टरांनी आवाज ऐकला. संपलं. हातातला वस्तरा खाली ठेवायची सवड दिली नाही."

"दिली की," काकू म्हणाल्या. "दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा दंड धरला."

मागून मामा आत आले. त्यांचा चेहरा गंभीर होता. "बाई, बाहेर बाकावर एक गृहस्थ बसलेत. अर्ध्या गालाला फेस आहे. त्यांना कुठल्या विभागात पाठवू?"

"तो माझ्याबरोबर आहे," काका म्हणाले. "शेजारचा चष्मेवाला. निम्मी दाढी झाली आणि ही आली. म्हटलं, चल बरोबर, उरलेला गाल परत गेल्यावर करू."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. या खोलीत त्यांनी बरंच पाहिलं आहे. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. "काका, कधी एका डोळ्यापुढे अचानक अंधारी आली? पडदा पडल्यासारखी? हात बधिर झाला, जीभ अडखळली?"

"छे," काका म्हणाले.

काका तेव्हा पलंगाच्या कडेला बसले होते आणि त्यांचा हात माझ्यावर होता. त्या "छे" बरोबर त्यांच्या बोटांतला ठोका एक पायरी चुकला. मला कळलं. पण उशीने साक्ष द्यायची सोय कुठल्याच दवाखान्यात नाही.

ते आडवे झाले. डॉक्टरबाईंनी जेल लावलं. काका वाट बघत राहिले.

"फेस येत नाही याला," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"येणारच नाही, काका. मान थोडी उजवीकडे करा."

आता इथे काय घडलं ते नीट ऐका. आयुष्यभर काकांनी हे वाक्य दुसऱ्याला ऐकवलं होतं. ते कानावर पडताच त्यांचा हात आपोआप उठला, आणि दोन बोटांनी त्यांनी डॉक्टरबाईंची हनुवटी हलकेच धरून उजवीकडे वळवली.

डॉक्टरबाई भिंतीकडे बघत होत्या.

"तुमची, काका," त्या भिंतीला म्हणाल्या.

"माफ करा बाई. हाताला वाटलं दुकानातच आहोत."

मग दुसरी अडचण निघाली. प्रोब मानेला लागताच काका फिस्स करून हसले आणि खांदा कानाला लावून बसले. पुन्हा लावला, पुन्हा तेच. हजारो लोकांचे गळे हाताळलेल्या माणसाला स्वतःच्या मानेवर भयंकर गुदगुल्या होत होत्या. त्या मानेला कुणी हात लावलाच नव्हता. स्वतःची दाढीही ते स्वतःच करायचे, आरशात बघून.

"लहान पोरासारखं काय करताय!" काकू म्हणाल्या.

"तू लावून बघ."

"मला कुठे वेळ आहे!"

डॉक्टरबाईंनी जरा विचार केला. मग त्यांनी काकांचा उजवा हात उचलला आणि प्रोब धरलेल्या आपल्या हातावर ठेवला. "आता तुमचा हातही माझ्याबरोबर फिरू दे. स्वतःच्या हाताने कुणाला गुदगुल्या होत नाहीत."

आणि खरंच, काका शांत झाले. त्यांची बोटं वस्तऱ्यावर असावीत तशी अलगद टेकली. दिवा मंद होता. आधी डावी बाजू झाली. श्शूं, श्शूं, श्शूं. काकांचा श्वास लांबत गेला. मान जड झाली. जड म्हणजे कशी, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. जागं माणूस स्वतःचं थोडं ओझं स्वतःकडेच ठेवतं. झोपलेलं माणूस सगळं देऊन टाकतं. काकांनी सगळं दिलं. हात डॉक्टरबाईंच्या हातावरून घसरून छातीवर आला.

मित्रांनो, ते झोपले. माझ्यावर.

मला शिवणारी बाई खोटं बोलली नव्हती. आधी काहीच नव्हतं, नुसता फेस. मग त्या फेसातून एक दुकान वर आलं. आरशांत समुद्र होता आणि लाटा अगदी बारीक कापलेल्या होत्या. खुर्चीवर चष्मेवाला बसला होता, डोकं मागे टाकून, डोळे मिटून. त्याचा गळा इतका लांब होता की वस्तरा फिरवत फिरवत काका चालत निघाले होते. वाटेत एक बस थांबली, काकांनी हाताने नको म्हटलं. आणि मग उजवीकडून, वरून, एक राखाडी पडदा खाली यायला लागला. आवाज न करता. आरसा निम्मा झाला, समुद्र निम्मा झाला. काका थांबले. वस्तरा गळ्यावर होता, आणि त्यांनी तो हलू दिला नाही.

बाहेर, खोलीत, डॉक्टरबाई आता उजव्या बाजूला आल्या होत्या. तिथला आवाज श्शूं नव्हता. बारीक फटीतून वारा घुसावा तशी शीळ होती. डॉक्टरबाई गप्प झाल्या. तुमची तपासणी चालू असताना डॉक्टर गप्प झाले तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते मोजत असतात. त्याही मोजत होत्या. फक्त पुन्हा पुन्हा मोजत होत्या.

"पडदा वर घ्या कुणीतरी," काका झोपेत म्हणाले. अगदी स्पष्ट. "अरे, चष्मेवाल्याचा गळा आहे हातात."

प्रोब थांबला.

"काका," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "कसला पडदा?"

काकांनी डोळे उघडले. ते छताकडे बघत होते. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. मला काकांच्या मानेतला ठोका लागत होता, आणि तो आता पळत होता.

"खरं सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही उजवीकडची रक्तवाहिनी फार अरुंद झाली आहे. आत चरबीचा थर बसलाय, नळात क्षार बसतो तसा. नुसतं एवढंच असतं तर औषधं सुरू केली असती आणि पुढचं सावकाश ठरवलं असतं. पण डोळ्यावर पडदा पडत असेल तर त्या थराचे कण सुटून वर चाललेत. आज डोळ्याकडे गेले, उद्या मेंदूत अडकतील. मग हात जाईल किंवा वाचा जाईल. तुमच्या एका उत्तरावर सगळं ठरणार आहे. पडदा पडला होता?"

काकांनी उजवा डोळा मिटला, पुन्हा उघडला.

"दोनदा," काका म्हणाले. "एकदा दुकानात, गेल्या आठवड्यात. चष्मेवाल्याची दाढी करताना. उजवा डोळा गेला. चहा उकळून उतू जाईल इतका वेळ. मग आला परत. दुसऱ्यांदा परवा, घरी. हिच्याकडे बघत होतो, तर ही अर्धीच दिसायला लागली."

"मग बोलला का नाहीत?" काकूंचा आवाज बारीक झाला.

"उरलेली अर्धी रागावलेली होती."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी काकांच्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला आणि घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"अगं, सांगून करू काय?" काका म्हणाले. "किराणावाल्याचा डोळा गेला तर तराजू असतो. माझं काय आहे? लोक येतात, डोकं मागे टाकतात, डोळे मिटतात आणि गळा देतात. दाढी करणाऱ्याचा डोळा मधेच जातो हे एकदा गावभर झालं, की त्या खुर्चीवर मी एकटाच बसायचा."

"मला गावभर करायचं नव्हतं हो," काकू म्हणाल्या. "मला फक्त ठाऊक हवं होतं."

डॉक्टरबाईंनी फोन लावला. पलीकडे रक्तवाहिन्यांचे सर्जन होते. दोन वाक्यांत ठरलं. काकांनी आता घरी जायचं नाही, इथूनच वर दाखल व्हायचं, आणि ऑपरेशन लवकरात लवकर.

"पण बाहेर तो बसलाय," काका म्हणाले. "निम्मा."

"त्याला मी सांगतो," मामा म्हणाले.

"नको," काका म्हणाले, आणि उठून बसले. मानेवरचं जेल पुसलंही नव्हतं. "गळा त्याचा होता. त्याला मीच सांगतो. आत बोलवा."

चष्मेवाला आत आला. डाव्या गालावर फेस वाळून पापुद्रे धरले होते. काकांनी त्याला सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. वस्तरा कुठे होता तेही सांगितलं. बोलताना त्यांचा तळहात माझ्यावर दाबलेला होता, आणि घामाने माझा रेनकोट पहिल्यांदा आपल्या नावाला जागला.

चष्मेवाल्याने आपला गळा चाचपला. विचार केला.

"दुसरा डोळा उघडा होता ना?" त्याने विचारलं.

"होता."

"मग? मी दिवसभर लोकांचा एकेक डोळा झाकूनच तपासतो. एका डोळ्याने पुष्कळ दिसतं." तो थोडा थांबला. "पण तू माझ्याकडे येऊन विचारलंस, 'एका मित्राला मधेच दिसत नाही, काय करावं?' आणि मी त्या मित्राला वाचायचा चष्मा दिला."

"हो."

"तो मित्र तूच?"

"मीच."

"तरीच म्हटलं, मित्र नंबर तपासायला कधीच का येत नाही." मग त्याचा आवाज उतरला. "गाढवा, तू खरं बोलला असतास तर मी तुला काचा दिल्या नसत्या. उचलून इथे आणलं असतं. गेल्या आठवड्यातच."

चष्मेवाला तसाच, निम्म्या दाढीने घरी गेला. दुसरीकडे जाऊन उरलेली करून घे म्हणून मामांनी परोपरीने सांगितलं, पण तो ऐकेना. काकूंनी मला झटकलं आणि नीट ठेवलं. मग सगळे वर गेले.

आता माझं खरं दुःख सांगते. या खोलीत गोष्टी सुरू होतात, संपतात दुसरीकडे. माणूस उठतं, जेल पुसतं, निघून जातं. पुढे काय झालं ते आम्हाला कुणी कळवत नाही. पाचर परत आली आणि मी पुन्हा दाराला अडण झाले. येणारा जाणारा मला पायाने सरकवायचा. मी दारातून येणाऱ्या वाऱ्याला ऐकत पडायचे, आणि कधी कधी मला ते दुकान दिसायचं, निम्म्या आरशाचं.

मग काही आठवड्यांनी कुणीतरी मला दारातून उचललं. मी चेहऱ्याने माणसं ओळखत नाही, हे सांगितलंच. हातही अनोळखी वाटला, बारीक झाला होता. ठोका मात्र मी लगेच ओळखला.

"ती निळी नको," काका म्हणाले. "हीच द्या. हिच्यावर मला झोप लागली होती."

मामांनी पाचर बाजूला केली. मी तिच्याकडे बघितलंही नाही. एवढा संयम मी ठेवला, याची नोंद असावी.

काकांच्या मानेच्या उजव्या अंगाला एक लांब व्रण होता. डॉक्टरबाईंनी तो पाहून विचारलं, "टाके छान भरलेत. त्रास काही?"

"ऑपरेशनचा नाही. त्याआधी वरच्या मजल्यावर कुणीतरी माझी दाढी केली. उलटं पातं चालवलं हो. मी भूल मागत होतो, ते म्हणाले अजून वेळ आहे."

काकू म्हणाल्या, दुकान उघडलंय. पहिल्या दिवशी चष्मेवाला आला, एका बाजूला दाढी आणि एका बाजूला खुंट घेऊन, आणि न बोलता डोकं मागे टाकून बसला. काका आता प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सगळं सांगतात. मानेचं ऑपरेशन झालंय, डोळा दोनदा गेला होता, आता ठीक आहे, करू का सुरू? काही लोक उठून जातात. काका त्यांना दारापर्यंत सोडायला जातात. बाकीचे बसतात.

दिवा मंद झाला. डॉक्टरबाईंनी काकांचा हात आपल्या हातावर घेतला. डावीकडे श्शूं. उजवीकडे, मित्रांनो, उजवीकडेही श्शूं. शीळ गेली होती. भरतीचं पाणी वाळूवर यावं तसं रक्त निवांत वर चाललं होतं.

"आता नेहमीचे प्रश्न," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ऑपरेशननंतर कधी डोळ्यापुढे अंधारी आली?"

काकू पुढे सरकल्या. मी सगळा कापूस कान करून ऐकत होते.

"आली," काका म्हणाले. "काल संध्याकाळी. दोन्ही डोळ्यांपुढे. एकदम."

डॉक्टरबाईंचा हात थांबला. "किती वेळ?"

"अर्धा तास. सगळ्या गल्लीला आली. लाइट गेली होती."

काकू इतक्या हसल्या की मामा आत डोकावले.

"हसू नका," काका छताकडे बघत गंभीरपणे म्हणाले. "आता सगळं सांगायचं ठरलंय."

तर मित्रांनो, मी एक जुनी उशी, तुमच्याकडे काय मागणार? घरातल्या उशीला अधूनमधून ऊन दाखवा आणि गाठी झाल्या तर हाताने मोकळ्या करा, गाठ आपोआप सुटत नाही. कधी अशा मंद दिव्याच्या खोलीत तुमच्या घरचं कुणी आडवं झालं, तर त्याला सांगा, इथे दुखत नाही, फक्त जेल गार असतं. आणि डॉक्टरांनी विचारलं की जे झालं ते सांगायचं, क्षुल्लक वाटलं तरी, लाज वाटली तरी. यंत्राला रक्त ऐकू येतं. मनातलं त्याला ऐकू येत नाही. ते मला ऐकू येतं, पण मला कुणी विचारत नाही.

काका त्या दिवशी झोपले नाहीत. अर्धा तास काकूंशी बोलत राहिले, वीज गेल्यावर मेणबत्ती कुणी कुठे ठेवली होती यावरून. डॉक्टरबाईंनी तीन वेळा सांगितलं, "बोलू नका काका, चित्र हलतंय." चित्र हलत राहिलं. मी त्यांच्या मानेखाली होते, अगदी बरोबर कोनात.